प्रोसेसरचा कौल

मधलीवाडी, ता. मालवण
१९ नोव्हेंबर २०२४

चि. दत्तप्रसाद यास,

आईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत, तूही पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. घरात फोन असताना आई पत्र कशाला लिहिते म्हणून घाबरू नकोस, कोणी आजारी पडलेलं नाही. फोनवर तू "आई, मीटिंग आहे" म्हणतोस नि ठेवतोस. पत्राला तसं सांगता येत नाही. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की शेजारची हौसाबाई खिडकीतून ऐकते आणि तुझ्या आधी तीच उत्तरं देते.

तर मुद्दा असा. तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलावा की बदलू नये?

हस, हस. अंगणवाडीत पोरांना अ आ इ शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी प्रोसेसर! तू कॉलेजात असताना तो जोडत होतास तेव्हा मी तुझ्या त्या पंख्यांना आणि वायरींना नावं ठेवायची. तू गेल्यावर मी त्या काळ्या खोक्यावर जुनी साडी टाकली आणि वर पापडाचा डबा ठेवला. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आता तोच आमच्या घरातला मोठा माणूस झालाय. तुझ्या वर्गातला चंदन, ज्याने मालवणात भरडावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलंय, तो म्हणतो, "काकी, ग्राफिक कार्ड अजून झकास आहे, पण प्रोसेसर दोन कोरचा. कार्ड धावतं नि हा मागे धापा टाकतो. त्याच बोर्डावर चार कोरचा जुना प्रोसेसर बसेल, मी एक बघून ठेवलाय." हे झालं सोपं. पण त्याआधी बोर्डातला बायोस का काय तो नवा करावा लागतो, आणि तो होत असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा गेला. आपल्याकडची लाईट तुला ठाऊकच आहे. कावळा तारेवर बसला तरी जाते.

पण माझी खरी भीती लाईटची नाही. ती सांगायला मागून सुरुवात करावी लागेल.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्या बाबांच्या तोंडून शब्द गेला होता. आपण काही बोललो की नुसते बघायचे. पाणी हवं तर तांब्याकडे हात. आधी मी ओरडून बोलायची, बहिऱ्याशी बोलावं तशी, मग हळूहळू त्यांच्याशी बोलणंच सोडलं. घरात त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची सवय लागली. तू त्या वेळी आला होतास, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

या गणपतीत चंदन आरतीला आला. पापडाचा डबा बघून खवळला, "काकी, ह्या मशीनवर आम्ही राती काढल्या!" त्याने साडी काढली, आत फुंकर मारली, आणि बाबांना तेवढीच करमणूक म्हणून तुझा तो जहाज चालवायचा खेळ लावला. मी ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसलेले. चंदन चालवत होता आणि जहाज थेट बंदराच्या भिंतीवर निघालं होतं.

"हार्ड पोर्ट!"

दत्तू, सूप माझ्या हातातून पडलं. तांदूळ घरभर. मला वाटलं दारात कोणी आलं. हे खुर्चीत अर्धे उठलेले, डावा हात पुढे, आणि परत, "हार्ड पोर्ट रे! मिडशिप! स्टेडी!" आयुष्यभर जहाजाच्या चाकावर उभा राहिलेला माणूस. साहेबाने 'हार्ड पोर्ट', म्हणजे चाक पुरतं डावीकडे, असा हुकूम द्यायचा आणि ह्यांनी तो परत म्हणून चाक फिरवायचं, हेच काम. बायकोचं नाव विसरलं, पाणी विसरलं, पण हे शब्द जाग्यावर होते. मी सांडलेल्या तांदळात बसून राहिले. हौसाबाई धावत आली आणि तीसुद्धा गप्प झाली, यावरून तू ओळख.

तेव्हापासून रोज दुपारी ह्यांचं जहाज निघतं. उजवा हात उठत नाही, डाव्या हाताने बटणं दाबतात. काय समुद्र दाखवतं रे ते! पाऊस पडतो तो काचेवर पडल्यासारखा, लाट येते ती पोटात येते. मी खाडीच्या काठी जन्मले, पण ह्यांनी जन्मभर काय बघितलं ते मी त्या पडद्यावर पहिल्यांदा बघितलं. एवढ्या पाण्यात हा माणूस एकटा उभा असायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "काय नाय गो, बरा होता."

आता माझी अडचण ऐक. बंदर जवळ आलं, क्रेन, बोटी, दिवे सगळं गोळा झालं, की तुझा प्रोसेसर दमतो. जहाज जागच्या जागी थिजतं. पहिल्यांदा थिजलं तेव्हा हे म्हणाले, "शिरा पडली ह्येच्यार!" अस्सल आपली शिवी! मला रडू यायला हवं होतं, मी हसत सुटले. मग पडदा हलेना म्हणून हे माझ्याकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाले, "थांबूचा लागतला. पायलट येवंक नाय."

जहाज आत नेणारा वाटाड्या, तो पायलट, येईपर्यंत बंदराबाहेर थांबलं की खलाशी काय करतात? गप्पा मारतात. तसे हे आता मारतात. पडदा थिजलेला असतो तेवढा वेळ. कधी कुठल्याशा गावच्या थंडीबद्दल, कधी त्यांच्या आईच्या पेजेबद्दल. पडदा हलला की परत हुकूम आणि गप्पा बंद, आणि चार हात पुढे गेलं की परत थिजतं. ओरोसच्या दवाखान्यातल्या बाई, ज्या बोलायचे व्यायाम घेतात, त्या म्हणाल्या, "वहिनी, हे मी कुठे वाचलेलं नाही, पण थांबवू नका."

म्हणजे बघ. प्रोसेसर बदलला तर जहाज न थिजता बंदरात जाईल, आणि ह्यांना बोलायला वेळच मिळणार नाही. नाही बदलला तर बिचारे रोज दारापर्यंत जाऊन बाहेरच राहतात. चंदन म्हणतो बदला, मशीन तापतं, तसंही एक दिवस बंद पडेल. मला झोप नाही. शेवटी हौसाबाई म्हणाली, "कौल लाव." उद्या रवळनाथाच्या देवळात जातेय. पत्र इथेच ठेवते.

२१ नोव्हेंबर

गेले होते. धोंडू गुरवाला सगळं नीट सांगितलं, कारण देवापुढे प्रश्न सरळ लागतो. त्याने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी फुलांचे कळे लावले आणि हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात कामपुटराचो आतलो भाग बदलूचो आसा, तेच्यात बरा होणार आसात तर उजवो कौल दी, नाय तर डावो दी रे म्हाराजा!" आम्ही मागून "व्हय म्हाराजा!" हौसाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

कळे पडेनात. ना उजवा, ना डावा. देवळात एवढी शांतता की समईची वात तडतडलेली ऐकू आली. धोंडूने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. तरी नाही.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "देव गप आसा, वैनी. घरच्या धन्याचा नाव घेऊन इचारतंय, पण धनी काय म्हणता? दादांका इचारल्यात?"

मी बोटं मोजली. ओरोसच्या बाईंना विचारलं, चंदनला विचारलं, देवाला विचारलं, तुला पत्र लिहायला घेतलं. ज्याचं तोंड त्याला कोणी विचारलंच नव्हतं! बोलता येत नाही म्हणून विचारायचं सोडलं, आणि बोलायला लागले तरी आमची सवय गेली नव्हती.

घरी येऊन पाय धुतले आणि समोर बसले. पडदा बंद ठेवला मुद्दाम. सगळं सांगितलं, लाईटचंसुद्धा. म्हटलं, "बदलूचा काय?"

त्यांनी आधी बंद पडद्याकडे बघितलं. "बदल," म्हणाले.

"मगे मधी थांबूक मिळाचा नाय. बोलतल्यात कधी?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. शब्द जुळवायला कपाळाला घाम आला, पण मी एकही शब्द पुढे केला नाही. "सुभद्रा," म्हणाले. झटक्यानंतर पहिल्यांदा माझं नाव. "एकदा बंदराक लागलंय, मगे घराक येतंय. घराक इल्यार बोलतलंय."

दत्तू, हा माणूस इतके दिवस माझ्यासमोर खाटेवर होता आणि घरी आलेलाच नव्हता रे. बाहेर पाण्यात उभा होता. आम्ही हाक मारत होतो आणि त्याला वाटत होतं अजून पायलट यायचाय. मी त्यांचा हात धरून रडले. हौसाबाईने खिडकी लावून घेतली, जन्मात पहिल्यांदा.

मग डोळे पुसून विचारलं, "चंदनाक बोलवू?"

"नाय. दत्तू करतलो."

तुझं नाव मी सुचवलं नव्हतं. रवळनाथाची शपथ.

आता जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते. तू दवाखान्यात आलास, त्यांच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर बसलास, "बाबा, मी दत्तू" म्हणालास. त्यांनी तुझ्याकडे मान वळवली नाही. तू बाहेर येऊन म्हणालास, "मी त्यांच्यासारखा जहाजावर नोकरीला गेलो नाही, तो राग अजून आहे," आणि त्याच संध्याकाळची गाडी धरलीस. मीही तेच समजले, म्हणून तुला थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात चंदनच्या लक्षात आलं की बाबा खेळात उजवीकडून आलेल्या प्रत्येक बोटीला धडकतात. एवढे जुने खलाशी, डावीकडची होडीसुद्धा अलगद चुकवतात, आणि उजवीकडे हे! त्याने पडदा डावीकडे सरकवला, तर धडकणं थांबलं. मग मला आठवलं, ताटातली उजव्या बाजूची भाजी ते तशीच ठेवतात आणि मी रोज बडबडते. डॉक्टरांनी तपासलं. डोळे चांगले आहेत, पण झटक्यात उजव्या बाजूचं अर्धं जग गेलं. त्यांना ते दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, त्या पहिल्या दिवसांत तर बोललेलंही समजत नसणार.

त्यांनी तुझ्याकडे पाठ केली नव्हती, बाळा. तू त्यांना दिसलाच नाहीस.

चंदन प्रोसेसर आणि लाईट गेली तर म्हणून बॅटरी आणून ठेवतो म्हणालाय. खोक्याला हात तू लावायचा. तिकीट काढ, मीटिंग सांगू नकोस.

आलास की त्यांच्या डाव्या बाजूला बस.

तुझी वाट बघणारी
आई