टबातलं कासव

अहो,
भाजी गरम करून घ्या. मी टबातलं कासव घेऊन खारला त्या पाळीव प्राण्यांच्या बोर्डिंगवाल्याकडे चाललेय. सुट्टीत त्याच्याकडे ठेवलेला आपला ढब्बू हा नव्हेच. ढब्बू डब्याच्या झाकणावर टकटक केलं की मान काढून यायचा. हा ढिम्म हलत नाही. तुम्ही म्हणता, प्रवासाने दमलाय. प्रवास आपण केला, त्याने नाही!

विमानात बॅग हरवली तेव्हा प्रवासविमावाल्यांना दिवसभर फोन लावलेत. ढब्बूसाठी एक फोन करवला नाही तुम्हाला. आता मात्र करूच नका. बोर्डिंगवाला उत्तर तयार ठेवून बसलेला दिसला, तर त्याला कोणी कळवलं हे मला विचारावं लागणार नाही.

स्नेहलला इतक्यात काही बोलू नका. ती शाळेतून आली की आधी टबाकडेच धावेल.

पंचशीला