आईला क्योटो दाखवायचं आहे

१४ जानेवारी
आज निश्चय केला. आईला क्योटो दाखवायचं, याच वर्षी.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेली नजर परत येणार नाही. कडेचं दिसणं आधी जातं, मग मधलं. आई म्हणाली, बरं झालं, म्हाकूळ मासे साफ करायला हात लागतात, डोळे नाहीत. येताना बसमध्ये मी रडले. तिने मला मोसंबं सोलून दिलं.

तिच्या शाळेची सहल क्योटोला गेली होती. तेव्हा म्हाकळांचा हंगाम होता, म्हणून आजोबांनी तिला पाठवलं नाही. सहलीच्या फोटोत तिथल्या सोनेरी मंदिरासमोर सगळा वर्ग उभा आहे, आणि वरच्या कोपऱ्यात, एका वेगळ्या गोलात, गैरहजर म्हणून नंतर चिकटवलेला आईचा चेहरा. हे मी दुरुस्त करणार. नाहीतर घराण्यातली पहिली पदवीधर होऊन उपयोग काय?

२१ जानेवारी
एप्रिलमध्ये जायचं ठरवलं. चेरीचा बहर.
लोक जातात तसं नाही जायचं. आधी अभ्यास, मग दर्शन. वाचनालयातून पुस्तकं आणली. ऑफिसात सांगून टाकलं. कुदोसाहेब म्हणाले, अवश्य जा, आम्ही सांभाळून घेऊ. चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती. नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागात मी कंत्राटावर आहे, पण तो विभाग कोणामुळे चालतो हे त्यांना ठाऊक आहे.

३ फेब्रुवारी
आज सणाच्या प्रथेप्रमाणे घरात भाजलेले सोयाबीनचे दाणे फेकून राक्षस हाकलले. आईने दाणे गोळा केले, जमिनीवर हात फिरवत. बरेचसे तिच्या उजव्या हाताशेजारीच न दिसता पडून राहिले. ते मी नंतर उचलले.

जेवणानंतर रोज आईचा वर्ग सुरू केला आहे. विषय: राजधानी क्योटोला का हलवली? आई मान डोलावते. नंतर लक्षात आलं की ती झोपलेली असते. पण झोपेतही काहीतरी आत जातच असणार.

१८ मार्च
भाजीच्या दुकानात मी क्योटोचा फक्त उल्लेख केला होता. शेजारच्या सावागुचीकाकू प्रवासासाठी लोकरीचे मोजे घेऊन आल्या. म्हणाल्या, तुझ्या आईच्या पायांना तिकडे गारठा लागेल हो. मग पलीकडच्या घरातून छत्री आली. तांदूळवाल्याच्या बायकोने घशाच्या गोळ्या दिल्या, कोणीतरी कमरेचा पट्टा.

आई घाबरली आहे. म्हणते, कानाए, एवढ्या घरांचं घेतलं, आता प्रत्येक घरी तिकडून काहीतरी आणून द्यावं लागेल. मी समजावलं की हा आपल्या उपक्रमाला समाजाचा पाठिंबा आहे. आई म्हणाली, पाठिंबा नाही गं, मोजे आहेत.

२ एप्रिल
बहर रद्द.
टीव्हीवर पाहिलं. माणसांच्या डोक्यांवर थोडी फुलं, बाकी सगळी डोकी. अशा गर्दीत आईला काय दिसणार? शिवाय नव्या आर्थिक वर्षाचं कामकाज नुकतंच सुरू झालंय, विभागाला वाऱ्यावर सोडता येणार नाही. जूनमध्ये जाऊ. पावसाळ्यात शेवाळ सर्वात सुंदर असतं, आणि हे फार थोड्यांना कळतं.

११ मे
क्योटोत शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या देवळात जोडपोस्टकार्ड पाठवून तारीख मागावी लागते. एक कार्ड आपलं, दुसरं त्यांच्या उत्तरासाठी. कुंचल्याने लिहिलं. आईची सहल, कोपऱ्यातला गोल, काचबिंदू, सगळं आलं. जागा पुरली नाही म्हणून दुसऱ्या कार्डावरही लिहिलं. वाचून आपोआप डोळे भरून आले.

२९ जून
उत्तर नाही.
आज अंघोळ करताना लक्षात आलं, त्यांनी उत्तर लिहायचं कुठे? माझ्या अक्षरांवर? पुन्हा पाठवायला उशीर झाला. असो. देवळाच्या मौनातही एक उत्तर असतं. शरद ऋतूत जाऊ. लाल पानं. खरं तर सुरुवातीपासून माझ्या मनात तेच होतं.

१५ ऑगस्ट
पितरांच्या सणासाठी हाचिनोहेहून फुमिएमावशी आली. वडिलांच्या थडग्यावर पाणी घालताना आईने पळीभर पाणी शेजारच्या थडग्यावर ओतलं. मावशीने पाहिलं. मीही पाहिलं.

परत आल्यावर मावशी म्हणाली, आमच्या महिला मंडळाची सहल नोव्हेंबरमध्ये क्योटोला जातेय. एका बाईचं खुब्याचं हाड मोडलं, एक जागा रिकामी आहे. ताईला पाठव.

मी तत्त्व म्हणून नकार दिला. झेंडा धरलेल्या गाइडबाईच्या मागे पळत क्योटो बघायचं नसतं. मावशी म्हणाली, मग कसं बघायचं असतं? तू कसं बघितलंस? मी म्हटलं, मी वाचलंय. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. आईने तिला घशाची गोळी दिली. तांदूळवाल्याच्या बायकोकडची.

२३ सप्टेंबर
सावागुचीकाकूंनी रस्त्यात विचारलं, काय मग, कसं झालं क्योटो? मी म्हटलं, तयारी अंतिम टप्प्यात आहे. त्या म्हणाल्या, अगं बाई, अजून गेलाच नाहीत? मोजे उन्हाळ्यात कसरीने खाल्ले नाहीत ना?
आई हल्ली भाजीला पलीकडच्या गल्लीतून जाते. लांब पडतं. म्हणते, पायांना व्यायाम.

६ नोव्हेंबर
क्योटोच्या हॉटेलात बागेकडे उघडणारी खोली मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आज कळलं की बागेकडे उघडणारी, गल्लीकडे उघडणारी, कुठेच न उघडणारी, एकही खोली शिल्लक नाही. पुढच्या वर्षी जाऊ. तोपर्यंत अभ्यास आणखी पक्का होईल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मी फुमिएला फोन केलाय, ती जागा अजून रिकामी आहे. मी म्हटलं, आई, तुला असं घाईघाईत क्योटो बघायचंय? ती म्हणाली, मला कुठे बघायचंय? लोकांचे मोजे घालून मी किती दिवस घरातच चालू?
मग म्हणाली, तू रजा घे. दोघी गेलो असंच सगळ्यांना सांगायचं. तू घरात राहा, खिडक्या बंद ठेव.

९ नोव्हेंबर
रजेचा अर्ज दिला. कुदोसाहेबांनी न वाचताच शिक्का मारला. दुःख लपवण्याची त्यांची हीच पद्धत आहे.

१४ नोव्हेंबर, दुपार
आई पहाटे अंधारात गेली. तेच मोजे घालून.
खिडक्या लाकडी झडपांसकट बंद आहेत. दिवा लावता येत नाही, मासा भाजता येत नाही, वास बाहेर जातो. थंड भात खाल्ला. तरी एका अर्थी ही संधीच आहे. क्योटोचा खरा अनुभव मनात घ्यायचा असतो. नकाशा पसरून आई आता कुठे असेल ते बघायला गेले. अंधारात नकाशा दिसला नाही.

१५ नोव्हेंबर
घरोघर फिरणारी सूचनांची पाटी घेऊन सावागुचीकाकू आल्या. दार वाजवलं. मी शेगडीच्या टेबलाखाली, दुलईत शिरले. बाहेर त्या कोणाला तरी सांगत होत्या, गेल्या गं बाई एकदाच्या! पोरगी बोलघेवडी वाटायची, पण नेलं हो आईला.
टेबलाखाली बराच वेळ बसले. पाय गार पडले होते.

१७ नोव्हेंबर
आई आली. पिशव्या भरून दालचिनीची मिठाई, प्रत्येक घरासाठी एक खोका. माझ्यासाठी एका देवळातला ताईत. कशाचा ते तिला वाचता आलं नव्हतं. परीक्षेत पास होण्याचा निघाला.

सगळं विचारलं. बसमध्ये झोप छान लागली. हॉटेलात अंघोळीचं पाणी चांगलं गरम होतं. मावशीने कुठेही हात सोडला नाही. सोनेरी मंदिर? आईने विचार केला. म्हणाली, पिवळं होतं. पाण्यातही पिवळं होतं.
मी म्हटलं, आणि पानं? ती म्हणाली, पानं होती का?

मग तिने पिशवीतून मंडळाचा फोटो बाहेर काढला. मंदिरासमोर सगळ्या बायका रांगेत, मधोमध आई. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघताहेत, आई जरा भलतीकडे. मी तो कपाटावर, वडिलांच्या फोटोशेजारी ठेवायला गेले. आई म्हणाली, बाहेर नको ठेवूस. कोणी बघितला तर? त्यात तू नाहीस.

१९ नोव्हेंबर, सकाळ
सावागुचीकाकू आल्या होत्या. मिठाई फार आवडली. म्हणाल्या, मुलगी शिकावी तर अशी. आमच्यातलं कोणी गेलं नाही तिकडे. ते सोनेरी मंदिर कसं दिसतं गं, खरोखर?

आतल्या खोलीत आई डोळ्यांत थेंब घालत होती. तिसऱ्यांदाही गालावरच पडला.

मी म्हटलं, पिवळं.
त्या म्हणाल्या, एवढंच?
मी म्हटलं, पाण्यातही पिवळं असतं.