शंभरात एक

चेन्नई, गुरुवार

हाफिजा, सलाम.

फोनवर सांगितलं तर हसशील, म्हणून लिहितोय. शिफा बरी आहे, जेवते. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

तिच्या एम.टेक.साठी आपल्या फौंड्रीतल्या पंपाच्या कवचाची मापं मीच दिलेली. कंप्युटरवर त्यात पाणी फिरवलं की कवच तडकायचं. पंधरा दिवस पोरगी स्वतःचंच गणित तपासत बसली, आणि शनिवारी सरांपुढं उभं राहायचंय.

मी म्हटलं, "शाळा न्हाय शिकलो, पण माझ्या मापात केसाचा फरक न्हाय." तिनं माझी पट्टी तिच्या पट्टीशेजारी ठेवली.

हाफिजा, ती साचे करायची पट्टी! ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून ती मुद्दाम लांब असते. तिचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. त्याच पट्टीनं मी तयार कवच मोजलेलं, म्हणून ते लहान भरलं.

"अब्बा, आतल्या चाकाचं माप मी छापील कागदावरून घेतलेलं. तुमच्या कवचात ते फिरायला जागाच न्हवती की!"

पंप न बघता कंप्युटरला कसं कळलं? रोज तासभर शिफाकडून तेच शिकतोय.

शनिवारी सरांना मीच सांगणार, चूक माझी. किती तेही सांगणार: शंभरात बरोबर एक.

तुझा,
बादशहा