माळ्यावरचं मेण

व्हियारोमेरो
१२ नोव्हेंबर १९३९

॥ येशू, मारिया, जोसेफ ॥

तीर्थरूप कासिल्दाताईस,
धाकट्या ओनोफ्रेचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मठातल्या सिस्टर तुला शिवणकामाला जुंपून डोळे फोडायला लावतात, हे वाचून त्यांच्या वडील सिस्टरना दोन शब्द लिहावेसे वाटले. तू म्हणशील तर लिहितो. माझा खोकला आहे तसाच आहे. मधमाश्यांच्या एकतीस पेट्यांपैकी सव्वीस हिवाळा काढतील. बाकीच्या पाच लढाईत गेल्या.

आता मुख्य गोष्ट. तिबुर्सियो सापडला. तोच, पावभट्टीवाला. फ्रान्सच्या सरहद्दीवर धरला आणि परवा इथल्या तुरुंगात आणून टाकला. मी मुद्दाम बघायला गेलो. दाढी वाढली आहे आणि पायात दोन वेगवेगळे जोडे. मला बघून मान खाली घातली. घालणारच.

लष्करी न्यायाधीशांपुढे माझा जबाब झाला आहे. कारकुनानं तारीख चुकवली होती, ती मी दुरुस्त करायला लावली. बावीस ऑगस्ट छत्तीस, शनिवार, दुपारचे चार. तिबुर्सियो पावाची टोपली घेऊन तुझ्या दारी आला, खेचरांच्या गोठ्यावरच्या माळ्याच्या खिडकीकडे वर बघत उभा राहिला, एक ‘नमो मरिया’ म्हणून होईल इतका वेळ, आणि मग आत शिरला. मी माझ्या पेट्यांपाशी उभा राहून हे बघितलं. मंगळवारी सकाळी पाद्री शोधत फिरणाऱ्या लाल रुमालवाल्यांची मालमोटार थेट त्या माळ्याखाली येऊन थांबली आणि आपल्या लिबोरियोदादाला घेऊन गेली. आपल्या दोघांखेरीज गावात कुणालाच ठाऊक नव्हतं की गावचा पाद्री असलेला दादा तिथे लपला आहे. मग त्या मोटारीला वाट कुणी दाखवली?

न्यायाधीश म्हणतात, घरात हजर असलेल्या माणसाची सही लागेल. म्हणजे तुझी. मजकूर मी तयार करून सोबत पाठवतो आहे. काही बदलू नकोस, सगळं बरोबर आहे. तू फक्त सही कर. सुनावणी अठरा डिसेंबरला आहे. ज्या दिवशी त्याला गोळ्या घालायला भिंतीशी उभा करतील त्या दिवशी मी पुढच्या ओळीत असेन, आणि जेवून जाईन.

दादाच्या आणि शेजारच्या गावच्या दोन पाद्रींच्या अस्थी जानेवारीत देवळात आणायच्या ठरल्या आहेत. संगमरवरी पाटी लागणार आहे. तुझ्या मायेला आम्ही मुकू नये.

तुझा,
ओनोफ्रे

*

सारागोसा
२० नोव्हेंबर १९३९

चि. ओनोफ्रे यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद मिळाला. वडील सिस्टरना काहीएक लिहू नकोस. तू दोन शब्द म्हणतोस आणि सात पानं होतात. माझे डोळे ठीक आहेत. तुझं अक्षर एवढं टपोरं, की सुईत दोरा ओवता ओवता वाचता येतं. खोकल्यावर थाइमचा काढा घे. मध विकणारा माणूस स्वतःच्या घशाला मध लावत नाही, हे तुझ्याच बाबतीत बघितलं.

सही अजून केलेली नाही. तू तारीख, वार, वेळ सगळं बरोबर लिहिलं आहेस, तरी सही करायला हात जात नाही. तिबुर्सियो गावातल्या लालांच्या कमिटीत होता हे खरं. देवळातले बाक फोडून त्यानं भट्टीत घातले हेही खरं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यासाठी त्याला हवी ती शिक्षा होऊ दे. पण भिंत वेगळी. त्याची रूफा आता एकटीच भट्टी चालवते ना? धाकट्या मुलीचा पाय बरा झाला का?

तू म्हणशील, ताई म्हातारी झाली. झालेच आहे. पण एवढं ऐक, हे प्रकरण सोड. दादा असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, आणि तू त्याच्याशीही वाद घातला असतास.

थंडीत छातीला लोकर बांध. आठवण ठेव.

तुझी,
कासिल्दा

*

व्हियारोमेरो
२८ नोव्हेंबर १९३९

ताईस सा. न.

लोकर बांधली आहे. आता मुद्द्याचं बोलू.

दादानं काय सांगितलं असतं हे तू मला शिकवू नकोस. त्याला बोलायला त्या लोकांनी ठेवलाय कुठे? साकव ओलांडल्यावर ओढ्याच्या वळणावर पाच गोळ्या. मी मोजल्या. तीन एकदम, एक मागाहून, आणि मग बऱ्याच वेळानं एक. त्या पाचव्या गोळीच्या आधी तो जिवंत होता, ताई. तेवढा वेळ मला तिबुर्सियोकडून परत घ्यायचा आहे. सोड म्हणतेस, कुठे सोडू?

रूफा परवा दाराशी आली. गरम पाव आणला होता, फडक्यात बांधून. तिला म्हटलं, वहिनी, तुमच्या नवऱ्यानं एकदा पाव पोचवला तेवढा आम्हाला पुरला. ती पाव उंबऱ्यावर ठेवून गेली. कोंबड्यांना घातला. त्यातला मधला भाग कच्चा होता, हे नमूद करतो.

लोक काय बोलतात तेही ऐक. गेल्या रविवारी चौकात कुणीतरी विचारलं, की पाद्रीबाबांना ज्या घरातून नेलं त्याच घरची बाई साक्षीला का येत नाही. मी त्याची गचांडी धरली. पण घरी आल्यावर तोच प्रश्न मलाही पडला. तुझं त्याचं काही ठरलं होतं का? तू घाबरलीस का? तुला काय माहीत आहे, जे मला नाही?

कारकुनाला दहा तारखेपर्यंत सही हवी आहे. नाही आली तर मी स्वतः सारागोसाला येऊन, सिस्टरांच्या देखत, तुझा हात धरून करवून घेईन. लोभ कमी झाला असं समजू नकोस. पण आहे तो आता यावरच टांगला आहे.

ओनोफ्रे

*

सारागोसा
३ डिसेंबर १९३९

ओनोफ्रे,

आशीर्वाद आहेतच, पण आधी हे वाच, आणि बसून वाच.

तिबुर्सियो त्या शनिवारी वर बघत उभा राहिला, कारण माळ्याच्या झडपेवर माश्या बसल्या होत्या. तुझ्या माश्या. दोन-चार नाहीत, फटीतून आत शिरायला धडपडणारा झुबकाच. ऑगस्टात रानात फूल नाही, आणि आत पत्र्याखाली तापलेल्या तुझ्या मेणबत्त्या, मधाचा वास मारणाऱ्या. दादा पहाटे माळ्यावर गुपचूप मिस्साची उपासना करायचा, त्यासाठी तू पाठवलेल्या. त्या दिवसांत पाद्री लपवल्याशिवाय गावात कुणाच्या घरात असलं वेदीचं मेण असणार होतं? तिबुर्सियो आत आला, टोपली ठेवली आणि हळूच मला म्हणाला, की बाई, वर काय आहे ते मी विचारत नाही, पण खिडकीला ओलं पोतं लावा आणि जे आहे ते हलवा, मला दिसलं ते उद्या दुसऱ्याला दिसेल. एवढं बोलून पावाचे पैसेही न घेता गेला.

त्याच संध्याकाळी अंड्यांच्या टोपलीत मी तुला चिठ्ठी पाठवली. चरबीच्या मेणबत्त्या दे, मेणाच्या नकोत. का, ते लिहायची छाती झाली नाही, चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तर? तू काय उत्तर दिलंस, आठवतं? की वेदीवर बोकडाची चरबी जळणार नाही, निदान मी जिवंत असेपर्यंत तरी. आणि रविवारी नव्या चार पाठवल्यास. दादाला केवढा आनंद झाला. मी त्याच्या हातून हिसकावून घ्यायला हव्या होत्या. नाही घेतल्या, ते पाप माझं. पोतं तासाभरात वाळायचं. मंगळवारी संध्याकाळी खेचरवाला त्याला डोंगरापलीकडे नेणार होता.

मोटार सकाळीच आली. परगावचे लोक, पाणी मागायला थांबले होते. त्यातल्या एकानं वर बघितलं आणि हसून म्हणाला, की आमच्या आजोबाच्या घरी अशा माश्या मेणाच्या कोठीवर बसायच्या. बाकीचं तुला ठाऊक आहे.

एक ठाऊक नाही. दादा जिना उतरून खाली आला तेव्हा माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं आशीर्वाद देतोय. तो म्हणाला, “ओनोफ्रेला मेणाचं कधी सांगू नकोस.”

तीन वर्षांवर होऊन गेलं, मी नाही सांगितलं. आज त्याचा शब्द मोडते आहे, कारण त्याच्या नावानं तू दुसरा माणूस मारायला निघालास. आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना मला बरंही वाटतंय. तुला हुतात्म्याचा भाऊ म्हणून पुढची खुर्ची मिळते, तू पाटीवरची अक्षरं दुरुस्त करतोस, आणि मी इथे दात आवळून दुसऱ्यांच्या चादरी शिवते. माझंही कुणावर तरी उट्टं काढायचं राहिलं होतं. तुझ्यावरच.

तुझा मजकूर फाडला. माझा जबाब वेगळा लिहून ठेवला आहे. बारा तारखेपर्यंत तू स्वतः न्यायाधीशाकडे गेला नाहीस, तर मी येते.

कासिल्दा

*

व्हियारोमेरो
१६ डिसेंबर १९३९

तीर्थरूप ताईस सा. न. वि. वि.

पहिले चार दिवस मी तुला खोटी धरली. हिवाळ्यात माशी पेटीबाहेर पडत नाही, नाहीतर माळ्यावर मेण ठेवून प्रयोग केला असता आणि निकाल तुझ्या तोंडावर मारला असता. मग माझीच टिपणवही काढली. तेवीस ऑगस्ट छत्तीसच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: सहा नंबरच्या पेटीची माशी गावाच्या बाजूला जाते, कारण कळत नाही.

अकराला गेलो. कारकून म्हणाला, दिलेला जबाब फिरवला तर उलट तुमच्यावरच येईल. म्हटलं, फिरवत नाही, अपुरा होता तो पुरा करतो. माश्या, चिठ्ठी, चार मेणबत्त्या, ओलं पोतं, तिबुर्सियो काय बोलला, सगळं लिहायला लावलं, दोनदा वाचून घेतलं, सही केली. तो म्हणाला, मग पाद्रीबाबांच्या बाबतीत आरोपी म्हणून कुणाचं नाव घालू? मी माझं सांगितलं. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि घरी जा म्हणाला.

तिबुर्सियोला बाकांबद्दल बारा वर्षं होतील असं दिसतं. भिंत टळली. निघताना तुरुंगाच्या फाटकाशी त्याला म्हटलं, की शनिवारी तू माझ्याकडे का आला नाहीस, दोनशे पावलांवर तर होतो. तो म्हणाला, “तुला कुणी काही सांगू शकतं का, ओनोफ्रे?” त्याला मी माफ केलेलं नाही. आता तर मुळीच नाही.

तुलाही नाही. तीन वर्षं सांगितलं नाहीस त्याबद्दल नाही, आणि आता सांगितलंस त्याबद्दलही नाही. दादाला तर सगळ्यात नाही. त्याच्या घशाशी मरण आलं होतं आणि तो माझी काळजी करत होता. हा हिशेब मी कुणाकडून वसूल करू?

नाताळला ये. खोली झाडली आहे. भांडायला घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझा,
ओनोफ्रे