तेवीस घरांसाठी एक सही

२ नोव्हेंबर १९८१
टपालात लाल चिठ्ठीचं पाकीट. 'विधानसभा – अति तातडीचे.' अव्वल कारकून सामंत भाऊसाहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. तुमच्याच गावचं आहे, तुम्हीच माहिती काढा म्हणाले.
तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. पहिलीच ओळ वाचली आणि ओळखली.
शब्द माझे. सप्टेंबरात काकीच्या ओट्यावर बसून लिहिलेले. आमदारांचा माणूस आला होता, तक्रार कागदावर द्या म्हणाला. आळीत लिहिणारी मी एकटी. भूसंपादन कचेरीत वर्षभर असले प्रश्न पाहतेय, तोच साचा घेतला. मिठागराच्या आळीतील तेवीस कुटुंबांना संपादनाची नोटीस दिली गेली नाही, हे खरे आहे काय? त्यामुळे त्यांचे भूखंडासाठीचे अर्ज मुदतीबाहेर म्हणून फेटाळले, हे खरे आहे काय? असल्यास, शासन काय करणार आहे?
आमदारांनी एक अक्षर बदललेलं नाही. खाली फक्त स्वतःचं नाव घातलंय.
सरकारी नोकराने असं लिहून द्यायचं नसतं. माझी नोकरी अजून तात्पुरतीच.

३ नोव्हें.
सगळ्यांसमोर सामंत भाऊ. म्हणाले, "आमदाराने लिहिलेलं नाही हे. त्याला 'असल्यास' कुठे घालतात ते कळतं होय? कुणीतरी कचेरीतला विद्वान आहे." सगळे हसले. मीही हसले. मग पाणी प्यायला उठले आणि माठापाशी उगाच उभी राहिले.

५ नोव्हें.
रेकॉर्डमधून आमच्या गावची फाइल काढली. नोटिसा बजावल्याची पोहोच सापडली.
आहे पोहोच. तेवीस नावं ओळीने, पहिल्या पाचात बाबांचं, मग काकीचं. नावांसमोर वरपासून खालपर्यंत एक मोठा कंस आणि कंसाच्या टोकाशी 'सर्वांकरिता' म्हणून एकच सही. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.
माझी सही.
फाइल बंद केली. पुन्हा उघडली. तीच होती.

६ नोव्हें.
काल पुढचं लिहिता आलं नाही, आज लिहिते. १९७५, मी नववीत. दुपारची वेळ, मोठी माणसं सगळी मिठागरावर. तलाठी कचेरीचा कोतवाल आला. म्हणाला, "गो पोरी, तू शिकलेली ना? हितं सई कर. मला मोऱ्याच्या बंदरावं लाँच गाठायची हाय." कसला कागद विचारलं, तर मोजणीचा. नोटिसा मागून आणून देतो म्हणाला. नंतर काही आणलं नाही. तो वारला त्यालाही तीन वर्षं झाली.
मी कागद वाचला नव्हता. महिनाभर वहीच्या मागे सही गिरवत होते, रेघ आणि टिंबं नुकतीच ठरली होती. कुणीतरी पहिल्यांदाच सही मागितली. पेन त्याचंच होतं, शाईचं. हे सगळं लख्ख आठवतंय. कागदावर काय होतं तेवढं आठवत नाही. बघितलंच नव्हतं, तर आठवणार काय.

८ नोव्हें., रविवार
आईला सांगितलं. ती मिठाने चिरलेल्या टाचांना तेल लावत होती. हात थांबला. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं, पण आवाजसुद्धा चढला नाही.
"आमी अंगठा देताना धा येला ईचार करतो. तुला सई येतं, म्हनून तू ईचार नाय केलास."
मग पुन्हा तेल लावायला लागली. बाबांना तिनेच सांगितलं. ते माझ्याशी जेवताना बोलले नाहीत.
काकीला सांगायचं राहिलंय. तिच्या दारावर गेल्या आठवड्यात लाल रंगाने नंबर टाकून गेलेत. आमच्याही. पावसाळ्याआधी आळी मोकळी करून हवी आहे म्हणे.

९ नोव्हें.
आमच्या कचेरीच्या साहेबांनी उत्तराचा मसुदा सांगितला, मी लिहून घेतला. (१) हे खरे नाही. सर्व कुटुंबांना नोटिसा बजावल्याची पोहोच अभिलेखात उपलब्ध आहे. (२) अर्ज मुदतीनंतर आल्याने नियमानुसार फेटाळले. (३) प्रश्न उद्भवत नाही.
धीर करून म्हटलं, सर, सही एकाच व्यक्तीची आहे.
"सह्या किती, असं विचारलंय का प्रश्नात?"
नाही विचारलं. मला माहीत असतं तर विचारलं असतं, हे कुणाला सांगू?
दुपारी सामंत भाऊ. डबा खाताना शांतपणे म्हणाले, सभागृहात खोटं बोलायचं नसतं. खरंच सांगायचं, पण विचारलं तेवढंच. मग हजेरीपट घेतला, माझ्या नावासमोरची सही बघितली, पोहोचेवरची बघितली. दोन्ही मिटून ठेवलं.
"मी आज चष्मा विसरलोय," म्हणाले. चष्मा नाकावर होता.

११ नोव्हें.
टंकलेखन पूर्ण. उत्तर साहेबांनी सांगितलं तसंच, काना-मात्रा बदलली नाही. तो माझा अधिकार नाही.
पण उत्तराबरोबर पुरवणी टिपणी जाते. सभागृहात कुणी उपप्रश्न विचारला तर मंत्र्यांच्या हाताशी माहिती असावी म्हणून. ती माझ्या टेबलावर तयार होते. तिच्यात शेवटचा परिच्छेद घातला: 'पोहोचेवरील सही आळीतील एका शाळकरी मुलीची असून ती त्या वेळी पंधरा वर्षांची होती. सदर मुलगी म्हणजे प्रस्तुत टिपणी तयार करणारी लिपिक. नोटिसा प्रत्यक्ष कोणासही मिळाल्या नाहीत.'
तीनदा टाइप केला. दोनदा फाडला.
सामंत भाऊंनी वाचला. मी टेबलाची कड धरून उभी. मग म्हणाले, "पुरवणी टिपणी कुणी वाचत नाही. राहू दे." आणि कोपऱ्यात आद्याक्षर केलं. साहेबांनी सगळ्या कागदांवर एका दमात सह्या केल्या. न वाचता. मला त्यांचा राग यायला हवा होता. कुठल्या तोंडाने येणार?

१२ नोव्हें.
पाकीट गेलं.

२४ नोव्हें.
काही नाही. काकीने अंगणातली कोंबड्यांची खुराडी मोडली. का म्हटलं तर म्हणाली, कुनी मोडायच्या आदी आपन मोडलेली बरी. तिला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते.

१० डिसें.
नागपूरला आज आमचा प्रश्न होता. सामंत भाऊंनी ट्रंक कॉल करून विचारलं. यादीत अठ्ठाविसावा. प्रश्नोत्तरांचा तास संपला तेव्हा नववा चालला होता. उरलेल्यांची उत्तरं छापील पटलावर ठेवली. म्हणजे उपप्रश्न नाही. म्हणजे टिपणी उघडलीच गेली नाही.
मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग लाज. हा क्रम इथे लिहून ठेवते.

१३ डिसें., रविवार
आमदारांचा माणूस छापील कागद घेऊन आळीत आला. आमदारसाहेबांनी तुमचा आवाज नागपूरला पोचवला म्हणाला. मला वाचायला सांगितलं. सगळे बसले होते. 'हे खरे नाही' वाचलं. 'उद्भवत नाही' वाचलं. काकीने कागद हातात घेऊन उलटसुलट केला. वाचता येत नाही तिला.
"यो आमदाराचा नाव, यो मंत्र्याचा. आमचा कंच्या पानावं हाय?"
तेव्हा सांगितलं. सगळ्यांसमोर. कोतवाल, लाँच, पेन, सगळं. पाठीमागून एक म्हातारा म्हणाला, मंजी आमच्याच पोरीची सई खरी धरली तिकरं. कुणीतरी हसलं, ते वाईट हसणं होतं.
आमदारांच्या माणसाने मान हलवली. सही करणारीने स्वतः लेखी दिलं तर पुढच्या अधिवेशनाला प्रश्न परत टाकता येईल, पण नाव-पत्ता, नोकरी सगळं त्यात येणार. बघा, म्हणाला. गाडीत बसून गेला.

१४ डिसें.
बाबा पहिल्यांदा बोलले. "नोकरी गेली तं पगार जाईल. आपल्या घरान तुझाच तेवरा हाय." थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत: "नंबर तं दारावं परलाच हाय."
काय कर, ते सांगितलं नाही.

१८ डिसें.
काकी आमच्या दारावरून गेली, आत आली नाही. एरवी चहा न पिता पुढे जात नाही.

२१ डिसें.
टिपणी कुणी वाचत नाही, हे सामंत भाऊंचं चुकलं. मंत्र्यांनी नाही वाचली, पण वरच्या कचेरीत कुणीतरी ओळ न् ओळ वाचली, आणि लिपिक त्याच आळीची म्हटल्यावर प्रश्नही तिनेच लिहिला असणार हे ताडलं. आज मला ज्ञापन मिळालं. स्वतः वाचून, तारीख घालून पोहोच दिली. सहीखालची रेघ वाकडी आली.
तीन दिवसांत खुलासा हवा आहे. सामंत भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, प्रश्नाशी संबंध नाही एवढंच लिही, सहीचं मी सांभाळतो, लहान होतीस म्हणून सुटशील. ते चांगले आहेत. खरंच चांगले आहेत, म्हणून जास्त भीती वाटते.
जेवणाच्या सुट्टीत कोरा कागद घेतला. कचेरीत कुणी नव्हतं. ज्ञापनात एकच कलम आहे: सदर तारांकित प्रश्न आपण लिहून दिला, हे खरे आहे काय?
सहीचं विचारलेलं नाही. नोटिसांचं विचारलेलं नाही. तेवीस घरांचं तर नाहीच.
लिहिलं: (१) होय, हे खरे आहे.
खाली (२) घातला. त्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही. सुट्टी संपायला दहा मिनिटं आहेत.