कार्डावरचा तिसरा रकाना

४ सप्टेंबर, गुरुवार

कार्ड! आता कार्ड आलं!

हे सकाळी छापखान्यातून गठ्ठा घेऊन आले, चेहरा असा की जणू लॉटरी लागली. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर सात नावं लिहायची, आपल्या ओळखीतल्या, उपासनेला न येणाऱ्या माणसांची. नावापुढे तीन रकाने : ओळख, मैत्री, तयार. तयार म्हणजे यायला तयार. खाली शेरा.

"लोक प्रवचनाने येत नाहीत, माणसामुळे येतात," हे म्हणाले. खोटं नाही ते. पण बायकोला सांगतानाही त्यांच्यातला पाळकच बोलत होता. आम्ही एकोणीस जण उरलोत. वर्षअखेर चाळीस झालो नाही तर आमची मंडळी मोठ्या मंडळीत विलीन करणार म्हणे. बावीस वर्षं इथे घासली या माणसाने. झोप लागत नाही त्यांना.

पोटात पुन्हा तेच दुखणं. यांना सांगितलेलं नाही. चाळीस होऊ देत, मग बघू.

७ सप्टेंबर, रविवार

मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी भर उपासनेनंतर विचारलं, "पाळकीणबाईंचंच कार्ड कोरं?" सगळ्या माना वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे पहिलं सुचलं ते नाव लिहून टाकलं — खालच्या शिंपिणीचं.

ओळख कसली, अकरा वर्षं झाली! आमच्या जिन्याखालीच तिचं दुकान. रोज चारला मी खाली जाते, स्टुलावर बसते, तिने दिलेल्या कपड्यांचे कच्चे टाके उसवते. ती मशीन चालवते नि बोलते. माझ्या देवाबद्दल तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. बाकी जगातलं सगळं बोलून झालंय.

१० सप्टेंबर, बुधवार

हे म्हणाले, नुसतं नाव काय कामाचं? शेरा लिही. माणूस कुठे दुखावलाय ते कळलं तर हात धरता येतो.

मग मी सांगून बसले. तिचा नवरा गेला तेव्हा त्याचा शर्ट तिने अर्धाच शिवला होता. चार वर्षं झाली, कॉलर न लावलेला तो शर्ट अजून कपाटात आहे. मला एकदाच दाखवला होता, दुकानाचं दार लोटून. "हेच लिही!" हे म्हणाले.

लिहिलं. "विधवा. मुलगी लांब. मन मऊ झालंय. नवऱ्याचा अर्धा शर्ट जपलाय, तिथून विषय काढावा."

अक्षर मात्र सुंदर आलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

सेक्रेटरीसाहेबांनी शेरा वाचला आणि लाल पेनने तिसऱ्या रकान्यात खूण केली. तयार! "असं निरीक्षण हवं," म्हणाले सगळ्यांसमोर. मी लाजले. खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझं कौतुक फक्त चहाचं झालंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चारला गेले. तिला रविवारचं आमंत्रण द्यायचं ठरवून गेले. स्टुलावर बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे कामासाठी आले होते ना!

"काय गं, आज मौनव्रत?" ती म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "कोट किती ढगळ झालाय तुझा. काढ, आत घेते. जेवतेस की नाही?"

"मंडळीसाठी उपास चाललेत," म्हटलं. खोटं. जेवण जात नाही. कोट काढून दिला, टेपसुद्धा लावून घेतली निमूट. आमंत्रण राहिलंच.

१७ सप्टेंबर, बुधवार

कार्ड सापडत नाही. बायबलात नाही, पर्समध्ये नाही, गादीखाली नाही.

देवा! कोटाच्या खिशात!

१८ सप्टेंबर, गुरुवार

कोट हँगरला होता. शिवून झालेल्या कपड्याला ती चिठ्ठी टाचते, तशी याच्यावरही टाचलेली : "तयार".

"खिशात तुमचं काहीतरी होतं. तसंच ठेवलंय," ती म्हणाली.

तुमचं! अकरा वर्षं अगं-तूगं करणारी बाई!

मी कोट घेऊन वर आले. एवढासा जिना, दोनदा बसावं लागलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सेक्रेटरीसाहेब : "त्या शिंपीणबाई कधी येणार?" मी म्हटलं, नाही येणार. "मग दुसरं नाव घाला." जणू दिवा गेलाय, दुसरा लावा!

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "शर्टाचं मी लिहायला लावलं." मी म्हटलं, हात माझा होता. आता वाटून घेऊन काय उपयोग?

२३ सप्टेंबर, मंगळवार

माफी मागायला गेले. तिने मशीन थांबवलं नाही.

"चुकलं माझं," मी ओरडूनच म्हटलं, त्या खडखडाटात.

मशीन थांबलं. "काय चुकलं? कार्ड की अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं खरी आहेत गं."

"ते मला कसं कळणार आता? तो शर्ट मी मुलीलाही दाखवलेला नाही." मग दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "स्टूल मोकळं ठेवा. गिऱ्हाईक येतंय."

कुणी येत नव्हतं.

२५ सप्टेंबर

चार वाजले की पाय आपोआप दाराशी जातात. मेले पाय.

२८ सप्टेंबर, रविवार

यांनी आज कार्डं मागितली नाहीत. गठ्ठा टेबलावर उलटा पडून होता. सेक्रेटरीसाहेब घुश्श्यात. सतरा जण होतो. मला गाणं संपेपर्यंत उभं राहवलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

दारावर थाप. ती! जिना चढून कधी वर आली नव्हती. हातात मापांची वही.

पान उघडून माझ्यापुढे टाकलं. वर माझं नाव. मार्च, कंबर चौतीस. जून, बत्तीस. सप्टेंबर, साडेएकोणतीस. त्याखाली तिच्या तिरक्या अक्षरात : "उपास म्हणते. थाप आहे. पोटाला टेप लागली की दचकते. विचारायला हवं."

"तूही माझ्यावर लिहिलंस की!" मला हसू आलं आणि रडू पण.

"लिहिलं. पण कुणाला दाखवलं नाही." मग माझा कोट खुंटीवरून काढला आणि माझ्या अंगावर फेकला. "राग गेलेला नाही माझा. तो राहू दे. उद्या साडेदहाला दवाखान्यात जायचंय, मी नंबर लावलाय. नवऱ्याला आज सांग. तू सांगतेस की मी सांगू?"

तू म्हणाली.

१ ऑक्टोबर, बुधवार

गाठ आहे. सोमवारी कापणार. हे फॉर्म उलटा धरूनच वाचत होते, म्हणून तिनेच तो भरला. सोबत कोण राहणार? तिथे तिने आपलं नाव घातलं. पुढे रकाना होता : नातं. त्यात लिहिलं, "ओळख". आणि माझ्याकडे बघून हसली, मेली!