आम्ही बंद केलेला खडक

३ डिसेंबर १९९४

एकशे बारा! खडकाला चिकटून वाढणारे, खायचे लोको शंख, एकेक तळहात झाकणारा. अकरा वर्षांपूर्वी याच खडकावर चार उरले होते. तेव्हा गावच्या कोळ्यांच्या भर सभेत मी एकटी उभी राहिले — हा खडक बंद करा, कुणी काही काढायचं नाही. सगळे हसले. बाउदिलियो म्हणाला, "खडकाला कुलूप लावणार का, ताई?"

लावलं! आता शेवाळाचे पट्टेसुद्धा माणसाच्या दुप्पट लांब. असा खडक या किनाऱ्यावर दुसरा दाखवा.

५ डिसेंबर

काळे शिंपले मात्र गेले. पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. आता उघडा दगड. कुणीतरी नेतंय! काल ओहोटीला बाउदिलियो भरली टोपली घेऊन तिकडूनच येत होता.

९ डिसेंबर

सभेत त्याचं नाव घेतलं. तो लालबुंद. "टोपलीत पलीकडचं शेवाळ होतं, ताई. पोरींची शपथ!"

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं.

इथं माझ्या शब्दाला वजन आहे. भराभर हात वर झाले. यंदा खडक वाटायच्या चिठ्ठ्यांत त्याचं नाव नाही. म्हणजे आत्ताच लागलेला हा उन्हाळाभर शेवाळ कापून विकायला त्याला जागाच नाही. येताना त्याच्या बायकोनं, एल्सिरानं, मला बघून दार लावून घेतलं. लावू दे!

१२ डिसेंबर

आज मोठी ओहोटी. पोटावर पालथी पडून खालच्या कपारीत डोकावले. शिंपल्यांची टरफलं! रिकामी, ढीगभर. चोर टरफलांसकट नेतो, इथं बसून चाटत नाही.

मग दिसला. शेवटच्या शिंपल्यांवर माझा एक शंख बसलेला. हलवून काढला. खालचा शिंपला अर्धा खाल्लेला. बाजूला दुसरा शंख, तिसरा... एकशे बारा तोंडं. खाणार काय? दगड?

चार होते तेव्हा शिंपल्यांना कोण खाणार होतं! लहानपणापासून इथं वावरतेय, आणि हे एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर अभिमानही वाटला. काय माजलेत!

पण बाउदिलियो.

१३ डिसेंबर

चिठ्ठ्या निघाल्या. मला टोकाचा खडक, सगळ्यांत चांगला. उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं — चोर मीच पाळले, बाउदिलियोनं काही नेलं नाही. माझी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

त्यानं हात पुढे केला नाही. एल्सिरानं घेतली.